वेग शून्य, गिअर ‘डी’

घोडबंदर रोडच्या कोंडीत दिवा लागायचा आणि कसारा घाट चढून नाशिकला एक-दोन खेपा झाल्या की विझायचा. गाडी माझ्या थोरल्या बहिणीची. 2013 सालची, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची सेडान. डॅशबोर्डवरचं इंजिनाचं ते पिवळं चित्र काही दिवस डोळ्यांसमोर असायचं, मग एका सकाळी दिसेनासं व्हायचं. गॅरेजमध्ये न्यावी तर इंजिन अगदी सुरळीत चालायचं. एका ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला, दुसरीकडे स्पार्क प्लग बदलले, आणि सगळीकडे शेवटी स्कॅनर लावून कोड पुसून दिला. पैसे गेले, दिवा मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला.

मग कुणीतरी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. आम्ही गेलो तेव्हा दिवा लागलेला होता. चाचांनी बोनेटला हात लावला नाही. आधी विचारलं, “ताई, दिवा लागतो तेव्हा गाडी चालती असते की उभी?” ताईला ठामपणे सांगता येईना. “या वेळी कोड कुणी पुसला नाही ना?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “मग गाडीनं लिहून ठेवलं असेल.”

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्यांनी स्कॅनर जोडला. कोड आला पी 0171. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, आणि त्यानंतरचा एक म्हणजे हवा आणि इंधन यांच्या मोजमापातला दोष. या कोडचा अर्थ एवढाच, की मिश्रण पातळ होतंय, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सतत तपासतो आणि हवा जास्त दिसली की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. या वाढीला मर्यादा असते. ती ओलांडली की कोड नोंदला जातो. ऑक्सिजन सेन्सरनं तक्रार केली म्हणून आधीच्या गॅरेजनं ऑक्सिजन सेन्सरच बदलला होता. खरं तर तो बिचारा आपलं काम चोख करत होता.

दिवा का येतो-जातो, याचंही उत्तर नियमात आहे. गाडीनं स्वतःचे दोष नोंदवायची ही व्यवस्था जन्मली कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमागे गाड्यांचा धूर आहे हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं 1950च्या सुमारास दाखवून दिलं, आणि पुढे गाडीनं आपल्या धुरावर स्वतःच पाळत ठेवावी अशी सक्ती आली. अमेरिकेत 1996च्या मॉडेलपासून ती सर्व नव्या मोटारींना लागू झाली. भारतात तिचा दुसरा टप्पा 2013च्या एप्रिलपासून आला. बहुतेक दोषांच्या बाबतीत सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तर दिवा लागतो आणि सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की विझतो. विझला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही. कोड आत तसाच राहतो, आणि त्याच्यासोबत दोष सापडला त्या क्षणाचे आकडेही.

चाचांना हवे होते ते हेच आकडे. इंजिनाचं तापमान 94 अंश. वेग शून्य. इंजिनाचे फेरे मिनिटाला 640. पेट्रोलची दीर्घकालीन दुरुस्ती अधिक 21 टक्के.

म्हणजे गाडी तापलेली आणि उभी. त्यांनी इंजिन सुरू करून रेस दिली. 2500 फेऱ्यांना दुरुस्ती 3 टक्क्यांवर उतरली. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर रेस दिल्यावर आकडा चढायला हवा होता. म्हणजे पेट्रोल पुरेसं मिळत होतं आणि कुठून तरी चोरटी हवा आत शिरत होती. या गाडीत येणारी हवा तोंडाशीच मोजली जाते. मोजणीच्या पुढच्या भागात कुठे फट असेल, तर तिथून घुसलेल्या हवेचा हिशेब कॉम्प्युटरकडे नसतो. स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन थोडीच हवा घेतं आणि मॅनिफोल्डमधली ओढही तेव्हा जोरदार असते, म्हणून छोटी फटसुद्धा महागात पडते. हायवेवर तीच फट एकूण हवेच्या मानानं किरकोळ ठरते. नाशिकच्या खेपांनंतर दिवा का विझायचा, ते आता कळत होतं.

इंजिन बंद करून मॅनिफोल्डमध्ये धूर सोडला. फट असेल तिथून तो बाहेर यायला हवा. कुठूनच आला नाही. इंजिन सुरू केलं, तर स्लोवर दुरुस्ती अवघी 4 टक्के. फट आहेही आणि नाहीही! मला वाटलं, आता हेही कोड पुसून गाडी परत देणार.

चाचा पुन्हा त्या आकड्यांकडे वळले. उभ्या गाडीचे फेरे आत्ता 720 होते, नोंदीत 640. हे 80 फेरे गेले कुठे? त्यांनी गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. गॅरेजमध्ये गाडी नेहमी ‘पी’मध्ये तपासली जात होती. कोंडीत ताई मात्र ‘डी’मध्ये ब्रेकवर पाय ठेवून थांबायची, एसी लावून.

चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. ताई ब्रेक दाबून बसली. समोर कुणालाही उभं राहू न देता चाचा बाजूनं वाकले आणि म्हणाले, “आता डी टाका, एसी चालू करा.”

इंजिन एका अंगाला कलंडलं. अगदी जरासं, पण नजरेला दिसेल इतकं. त्याच क्षणी फुसफुस ऐकू आली आणि स्कॅनरवरचा आकडा चढू लागला: 9, 14, 20. चाचांनी टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा आत घातला. इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डकडे नेणारा रबरी पाइप जिथे वळतो, तिथे खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती. ‘पी’मध्ये तिच्या कडा मिटलेल्या. ‘डी’मध्ये इंजिन कललं की पाइप ताणला जायचा आणि चीर उघडायची. चाचांनी लांब पकडीनं ती चीर दाबून धरली. फुसफुस थांबली, आकडा भराभर खाली आला. ताई गाडीतूनच ओरडली, “सापडलं?”

इंजिनाचं एक फाउंडेशन, म्हणजे ते पेलणारं रबर, वयोमानानं बसलं होतं. म्हणून इंजिन जास्त कलत होतं आणि पाइपाला ताण बसत होता. नुसता पाइप बदलला असता तर नवाही काही काळानं फाटला असता. चाचांनी दोन्ही बदलायला लावले. ऑक्सिजन सेन्सरच्या मानानं खर्च फारच कमी आला.

तुमच्या गाडीचा दिवा असा ये-जा करत असेल, तर त्या क्षणाचे आकडे उतरवून घेतल्याशिवाय कुणालाही कोड पुसू देऊ नका. गाडी उभी होती की चालती, गिअर कोणता, एसी चालू होता का, हे कागदावर टिपून मिस्त्रीच्या हातात द्या. आणि दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबा, गाडी कडेला घ्या: पेट्रोल न जळता एक्झॉस्टमध्ये जातंय आणि त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.