अर्थ न बदलणारं एक अक्षर आणि एसएमए

२०२१च्या सुमारास ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द आपल्याकडे घरोघरी पोचले. त्या बातम्यांमधला आजार म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, थोडक्यात एसएमए. ते इंजेक्शन पेशीत जनुकाची नवी प्रत पोचवतं. पण या आजारावरचं पहिलं मंजूर औषध जनुकाला हातही लावत नाही. ते काम करतं आरएनएवर. कसं, ते आज बघू.

शाळेत आपण शिकलो की डीएनएवरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून प्रथिन. यात मधली एक पायरी गाळलेली असते. डीएनएवरून उतरवलेला आरएनए हा कच्चा खर्डा असतो. केंद्रकातच त्याच्या एका टोकाला टोपी बसते, दुसऱ्या टोकाला ‘ए’ या अक्षराची लांब शेपटी लागते आणि मधले नको असलेले तुकडे कापून टाकले जातात. समजा, खर्डा असा आहे: ‘उद्याकखगघसकाळीचछजझलवकरटठडढये’. त्यातून ‘उद्या सकाळी लवकर ये’ एवढंच ठेवायचं. ठेवायचे तुकडे म्हणजे एक्सॉन, टाकायचे ते इन्ट्रॉन आणि या कापण्या-जोडण्याला म्हणतात स्प्लायसिंग. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ मध्ये एका विषाणूच्या जनुकांमध्ये हे दाखवून दिलं. १९९३चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आता गंमत अशी की, कुठे कापायचं हे पेशीला कळतं कसं? इन्ट्रॉनच्या दोन्ही टोकांना ठरावीक खुणा असतात, पण तेवढ्याने भागत नाही. तशाच दिसणाऱ्या फसव्या खुणाही आरएनएमध्ये भरपूर असतात. म्हणून ‘हा तुकडा ठेवा’ किंवा ‘हा वगळा’ असं सुचवणाऱ्या छोट्या छोट्या जागा आरएनएमध्ये जागोजागी असतात. त्यांवर वेगवेगळी प्रथिनं येऊन बसतात. काही कापणाऱ्या यंत्रणेला बोलावतात, काही अडवतात. या ओढाताणीतून निर्णय होतो.

एसएमएमध्ये हीच ओढाताण बाळाच्या जिवावर येते. मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींना एसएमएन नावाचं प्रथिन पुरेसं लागतं. ते मुख्यतः एसएमएन-१ या जनुकावरून बनतं. बहुतेक रुग्णांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती गायब असतात. मग चेतापेशी मरत जातात आणि स्नायू दुबळे होतात. आजार तीव्र असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर बहुतेक बाळं श्वासाला यंत्राचा आधार नसताना दोन वर्षांची होत नाहीत.

पण माणसाकडे याच जनुकाची जवळजवळ हुबेहूब जोडी असते: एसएमएन-२. मग ते का पुरत नाही? त्याच्या सातव्या एक्सॉनमध्ये सहाव्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ आहे. या बदलाने प्रथिनातलं अमिनो आम्लसुद्धा बदलत नाही. अर्थ तोच राहतो. तरीही त्या जागी बोलावणाऱ्या प्रथिनाची पकड ढिली होते आणि अडवणाऱ्याची घट्ट. परिणाम असा की बहुतेक वेळा अख्खा सातवा एक्सॉनच वगळला जातो. अपुरं प्रथिन बनतं आणि पेशी ते लवकर मोडीत काढते. पूर्ण प्रथिन मिळतं ते साधारण दहा टक्केच. म्हणूनच एसएमएन-२च्या प्रती जास्त असतील, तर आजार सहसा सौम्य असतो. थोडं थोडं जमून बरंच होतं!

संशोधकांनी मग विचार केला, की सातवा एक्सॉन परत ठेवायला लावता येईल का? २००६ मध्ये अमेरिकेत रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या एक्सॉनच्या लगेच पुढच्या इन्ट्रॉनमध्ये एक जोरदार ‘वगळा’ खूण शोधली. नुसिनर्सेन हे औषध म्हणजे १८ अक्षरांचा कृत्रिम तुकडा आहे. तो त्या खुणेवर जोडीला जोडी लावून चिकटतो आणि ती झाकून टाकतो. अडवणाऱ्या प्रथिनांना बसायला जागा उरत नाही. एक्सॉन राहतो, पूर्ण प्रथिन बनतं. एड्रियन क्रेनर यांची प्रयोगशाळा आणि आयोनिस कंपनी यांनी हे औषध विकसित केलं. डिसेंबर २०१६ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

मर्यादाही आहेत. जनुक आहे तसंच राहतं, त्यामुळे सुरुवातीच्या चार डोसांनंतरही दर चार महिन्यांनी औषध घ्यावं लागतं, तेही पाठीतून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात. आणि मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. म्हणून लक्षणं दिसण्याआधीच, नवजात बाळाच्या चाचणीतून निदान झालं, तर फरक खूप मोठा पडतो.

जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘प्रथिनात बदल नाही’ असं दिसलं, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण एसएमएन-२मधलं ते एक अक्षर सांगतं, की प्रश्न दोन विचारावे लागतात: या अक्षराने प्रथिनाचा अर्थ बदलला का, आणि खर्डा कापताना त्याने पेशीला काय सुचवलं?