एका गिटारीचा वृंद : दोन कोरस पेडल जोडताना

बंगळुरूच्या मल्लेश्वरम परिसरातील चौडय्या स्मारक सभागृहाची वास्तू व्हायोलिनच्या आकाराची आहे. १९८० साली खुले झालेले हे सभागृह ज्यांच्या स्मरणार्थ उभारण्यात आले, ते कर्नाटक संगीतातील थोर व्हायोलिनवादक तिरुमकुडलु चौडय्या यांनी आपल्या वाद्याच्या चार तारांमध्ये आणखी तीन तारांची भर घातली होती. ध्वनिवर्धकांचा प्रसार फारसा झालेला नव्हता, अशा काळात शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत भरीव नाद पोहोचावा, हा त्यामागील हेतू होता.

एका वाद्यातून अनेक वाद्यांचा भास निर्माण करण्याची ही ओढ याच शहरातील रॉक संगीतातही आढळते. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड येथे १९९६ मध्ये स्थापन झाला, तर पॅलेस ग्राउंड्सवर २००७ मध्ये ‘आयर्न मेडन’ आणि २०११ मध्ये ‘मेटॅलिका’ यांचे कार्यक्रम झाले. शहरातील लहान बँडमध्ये पुष्कळदा एकच गिटारवादक असतो आणि मोकळी राहिलेली जागा भरण्याचे काम त्याच्या पायाशी असलेल्या छोट्या पेट्यांवर, म्हणजे पेडलांवर येते. त्यांपैकी ‘कोरस’ हे पेडल एका गिटारीच्या अनेक गिटारी करते. ते एकाऐवजी दोन वापरले तर नाद दुप्पट समृद्ध होईल, असा समज सर्रास दिसतो. तो निम्माच खरा आहे.

कोरस म्हणजे वृंदगान. भजनी मंडळातील वीस जण एकच अभंग म्हणतात, तेव्हा कोणाचाही स्वर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. कोणी निमिषभर मागे असतो, कोणाचा स्वर केसभर चढा असतो. ही अल्पशी विसंगतीच समूहाला त्याचा भरदारपणा देते. तंबोऱ्यातील जोडीच्या तारांचेही तसेच. मिरजेच्या कारागिरांनी घडविलेले दोन तंबोरे गायकाच्या दोन्ही बाजूंना वाजत असतात, तेव्हा ऐकणाऱ्याला मिळणारा अनुभव नैसर्गिक स्टिरिओ कोरसचाच असतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा मात्र बंगळुरूचा. अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी तो १९७९ मध्ये तयार केला. योगायोग असा की, जपानच्या बॉस कंपनीचे सीई-२ हे छोटे कोरस पेडलही त्याच वर्षीचे.

बादल्यांची रांग

पेडल ही किमया कशी साधते, हे समजून घेतल्यास दोन पेडलांचे गणित सोपे होते. गिटारीकडून आलेल्या विद्युत्‌संकेताचे दोन भाग केले जातात. एक भाग जसाच्या तसा पुढे जातो. दुसरा काही मिलिसेकंद रोखून धरला जातो आणि मग पहिल्यात मिसळला जातो. रोखून धरण्याचा हा काळ स्थिर नसतो, तो संथ लयीत कमी-जास्त होत राहतो. तो वाढत असताना प्रतिध्वनीचा स्वर किंचित उतरतो, घटत असताना किंचित चढतो. स्थानकातून धडधडत जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरलेला भासतो, त्यातलाच हा प्रकार होय.

संकेत रोखून धरणारी चिप १९६९ मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत एफ. सँग्स्टर आणि के. टीअर यांनी विकसित केली. आग विझविण्यासाठी माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विद्युत्‌भार तिच्यात एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकतो. म्हणूनच तिला ‘बकेट ब्रिगेड’ असे नाव मिळाले. रोलँड कंपनीने १९७५ मध्ये जेसी-१२० हा ‘जॅझ कोरस’ अॅम्प्लिफायर बाजारात आणला आणि १९७६ मध्ये तेच तंत्र सीई-१ या पेडलात आले. जेसी-१२० मध्ये दोन स्पीकर आहेत. कोरस चालू असताना एकातून मूळ नाद येतो, दुसऱ्यातून डोलणारा. दोघांचे मिश्रण तारेत नव्हे, तर खोलीतील हवेत होते. मेटॅलिकाच्या शांत, स्वच्छ गिटारनादासाठी हा अॅम्प्लिफायर प्रसिद्ध आहे.

एका पेडलाची मर्यादा त्याच्या डोलण्याच्या नियमितपणात असते. भजनातील वीस माणसे वीस प्रकारे चुकतात. पेडल मात्र एकाच प्रकारे, घड्याळाच्या लंबकासारखे झुलत राहते. कानाला हे झुलणे काही वेळातच ओळखू येते आणि मग वृंदाचा भास ओसरून नुसता हेलकावा शिल्लक उरतो. दुसऱ्या पेडलाचे खरे प्रयोजन हा नियमितपणा मोडणे हे आहे.

साहजिकच दोन्ही पेडलांची गती सारखी ठेवली, तर लाभ फारसा होत नाही. एकाची गती दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट ठेवण्यातही शहाणपण नाही. एक पेडल सेकंदाला अर्धे आणि दुसरे एक आवर्तन घेत असेल, तर दर दोन सेकंदांनी तोच नमुना परत येतो. पहिले ०.५ आणि दुसरे ०.७ वर ठेवले, तर दोघांची मिळून एक फेरी पूर्ण होण्यास १० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाण्यातील स्वरसमूह बदललेला असतो आणि कानाला नमुना सापडत नाही. ही बाब तबल्याची लय मोजणाऱ्या वाचकांच्या चटकन ध्यानात येईल.

एकामागे एक की शेजारी शेजारी?

दोन पेडल जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत एकाचा नाद दुसऱ्यात सोडला जातो. यातून चार प्रती तयार होतात : मूळ नाद, पहिल्या पेडलातून गेलेला, दुसऱ्यातून गेलेला आणि दोन्हींतून गेलेला. ऐकायला हे आकर्षक वाटते, परंतु शेवटची प्रत त्रासदायक ठरते. समजा, विलंब दर सेकंदाला ०.८ आवर्तने या गतीने मध्यापासून एक मिलिसेकंद इकडे-तिकडे होत आहे. तेव्हा स्वर सुमारे अर्ध्या टक्क्याने, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधील अंतराच्या साधारण बाराव्या हिश्शाने सरकतो. इतके कान चालवून घेतो. दोन्ही पेडलांतून गेलेल्या प्रतीत ही दोन्ही सरकणी काही क्षणी एकत्र येतात आणि हिस्सा सहाव्यावर जातो. जोडीला कीबोर्ड किंवा बासरी असेल, तर गिटार बेसूर वाटू लागते. म्हणून या पद्धतीत दोन्ही पेडलांची खोली, म्हणजे ‘डेप्थ’ची कळ, एकट्या पेडलासाठी ठेवतात त्याच्या निम्म्याहून अधिक नसावी.

दुसऱ्या पद्धतीत गिटारीचा संकेत आधीच दुभागून एक शाखा एका पेडलाला आणि दुसरी दुसऱ्या पेडलाला दिली जाते. डावीकडे एक, उजवीकडे दुसरे. दोन तंबोऱ्यांची मांडणी ती हीच. येथे दोनदा सरकलेली प्रतच नसल्याने सूर शाबूत राहतो आणि रुंदी मात्र मिळते. दुभागणीसाठी साधी ‘वाय’ आकाराची वायर वापरू नये. तिच्यामुळे गिटारीवरचा भार वाढून वरच्या स्वरांची धार बोथट होते. बफर असलेली दुभाजक पेटी हवी.

एकाच यंत्रात असा मेळ साधण्याचा विचार पूर्वीच झालेला आहे. रोलँडच्या १९७९ च्या ‘डायमेन्शन डी’ या स्टुडिओ यंत्रात दोन विलंबरेषा परस्परविरुद्ध झुलतात. एकीचा स्वर चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो. त्यामुळे हेलकावा जाणवत नाही, केवळ विस्तार जाणवतो. दोन पेडल घेऊन वादक जे शोधत असतो, त्याच्या सर्वांत जवळ जाणारे हेच यंत्र म्हणावे लागेल.

प्रत्यक्ष कार्यक्रमात काय होते?

घरी हेडफोनवर भव्य वाटणारा हा नाद कार्यक्रमस्थळी पुष्कळदा नाहीसा होतो. मोठ्या मैदानावर डाव्या मनोऱ्याजवळ उभ्या असलेल्या श्रोत्याला उजवा स्पीकर जवळजवळ ऐकूच येत नाही. लहान पबमध्ये तर स्पीकर खांबांच्या आणि टेबलांच्या सोयीने टांगलेले असतात. त्यामुळे ध्वनियंत्रणा सांभाळणारे लोक दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करतात आणि त्यांचे काही चुकते असेही नाही.

प्रश्न पेडलाच्या रचनेत असतो. काही स्टिरिओ कोरस पेडल एका बाजूला मूळ नादात डोलणारा नाद मिळवतात आणि दुसऱ्या बाजूला तोच वजा करतात. दोन स्पीकरवर हे फार रुंद भासते. परंतु बाजू एकत्र केल्या की अधिक आणि वजा मिळून शून्य होते, कोरस पूर्णपणे लोपतो आणि गिटारवादकाला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन स्वतंत्र पेडलांच्या मांडणीत, दोहोंनी नाद वजा केलेला नसेल तर, तसे घडत नाही. एकत्र केल्यावर मूळ नाद वरचढ होतो आणि कोरस सौम्य होतो, पण टिकतो. दुसऱ्या पेडलावर पैसे खर्च करण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे, हे त्याच्या जाहिरातीत कधी वाचायला मिळत नाही.

एका बाजूला निव्वळ मूळ नाद आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ डोलणारा नाद, ही जेसी-१२० ची पद्धत मोनोमध्येही तग धरते. मात्र काही मिलिसेकंदांच्या फरकाने दोन दिशांनी एकच नाद आला, तर आधी पोहोचलेल्या दिशेकडूनच तो आल्याचे कान ठरवतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हा परिणाम अभ्यासला होता. त्यामुळे स्पीकर दूर दूर ठेवल्यास गिटार मूळ नादाच्या बाजूला कललेली वाटते.

दोन अॅम्प्लिफायर वापरताना याहून गंभीर बाब लक्षात घ्यावी लागते. दोन्हींना गिटारीच्या वायरीने एकत्र जोडले की जमिनीच्या जोडणीचे वर्तुळ तयार होते आणि ‘हम्म’ असा घरघराट सुरू होतो. तो थांबविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा मार्ग काही जण अवलंबतात. तो जीवघेणा आहे. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. सदोष अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला त्यांचा स्पर्श झाला होता. तात्पुरत्या मांडवातील वायरिंग पाहता ही शक्यता आपल्याकडे दूरची मानता येत नाही. घरघराट घालवायचा असेल, तर एका शाखेत विलगीकरण ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी बसवावी आणि दोन्ही अॅम्प्लिफायरची वीज एकाच बोर्डावरून घ्यावी.

दोन बकेट ब्रिगेड पेडलांना एकाच साध्या अॅडाप्टरवरून वीज दिल्यास कधी कधी बारीक शीळ ऐकू येते. दोन्ही चिपांची अंतर्गत घड्याळे एकमेकांत मिसळल्याने ती उमटते. प्रत्येक पेडलाला स्वतंत्र, विलग वीजपुरवठा दिल्यास ती सहसा जाते. कर्कश ‘डिस्टॉर्शन’ वापरायचे असल्यास ते दुभागणीच्या आधी ठेवावे. नंतर ठेवल्यास कोरसच्या सगळ्या प्रती एकमेकींत घुसळून निघतात.

कार्यक्रमापूर्वीच्या ध्वनिचाचणीत दोन्ही शाखा काही काळ मोनो करून ऐकवण्याची विनंती ध्वनियंत्रणेवरील व्यक्तीला करता येते. त्या अवस्थेत दुसरे पेडल बंद केल्यावर गिटार अधिक भरीव वाटू लागली, तर त्या रात्री ते बंदच ठेवावे.