जुने पॅलेट घेताय? शिक्का बघा, पण वासही घ्या

तासगाव : बेदाण्याची पेटी असो की धान्याचं पोतं, माल थेट फरशीवर ठेवला की खालून ओल धरते. अन्नसुरक्षेच्या नियमातही खाण्याचा माल जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब ठेवा, असंच सांगितलं आहे. त्यासाठी शेडमध्ये पॅलेट लागतात. अनेक जण भंगारातले जुने लाकडी पॅलेट आणतात. स्वस्त पडतात, पण फसगत इथंच होते.

शिक्का काय सांगतो?
काही लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि बाजूला इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. असे पॅलेट खाण्याच्या मालाला घेऊ नयेत.

हा शिक्का आहे तो लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. लाकडी पॅलेटवर माल परदेशी पाठवायचा तर तो लागतोच. पण पॅलेट स्वच्छ आहे, याची हमी तो देत नाही. ‘एचटी’ पॅलेटवर नंतर कुणी कीटकनाशकाचे डबे ठेवले, औषध सांडून लाकडात मुरलं, तरी शिक्का तसाच राहतो.

२०१० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला कुबट वासामुळे गोळ्यांच्या बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. वासाचं मूळ निघालं लाकडी पॅलेटला मारलेल्या रसायनात. बाटलीतल्या गोळ्यांना वास लागतो, तर बेदाण्याचं काय?

घेताना हे तपासा
- आधी त्यावर कोणता माल होता, ते विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.
- नाक जवळ नेऊन वास घ्या. औषधाचा, तेलाचा किंवा कुबट वास आला तर नको.
- डाग, बुरशी, भुशासारखी पूड, वर आलेले खिळे, निघालेल्या ढलप्या बघा.
- लाकूड कोरडं हवं. ओल्या लाकडाला बुरशी लवकर धरते.

प्लास्टिकचे पॅलेट महाग पडतात, पण धुता येतात, पाणी पीत नाहीत आणि त्यांना लोंबीचा शिक्का लागत नाही. मात्र तडे गेलेले नकोत, फटीत घाण साचते. नवे घेताना ‘फूड ग्रेड’ असल्याचं बिलावर लिहून घ्या.

खत-औषधाचे आणि खाण्याच्या मालाचे पॅलेट वेगळे ठेवा. रंगाचा पट्टा मारला तर कामावरच्या माणसांनाही लगेच ओळखता येतात.