अभंग जुना, चाल कधीची?

■ ग्रंथ : शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात लिहिला, तो देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने. स्वरापासून नृत्यापर्यंत सात अध्याय.

■ शब्द आणि चाल : ज्ञानेश्वर-नामदेवांचे अभंगही साधारण त्याच काळातले, तेराव्या-चौदाव्या शतकांतले; त्यांच्या चाली मात्र मुखपरंपरेने आल्या, वाटेत बदलतही गेल्या. रेडिओवर गाजलेल्या अनेक चाली विसाव्या शतकातल्या. ‘मोगरा फुलला’ची चाल हृदयनाथ मंगेशकरांची.

■ साज : वारकरी भजनाचा जुना साज म्हणजे वीणा, टाळ, मृदंग. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणून खर्ज घुमतो. पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली.

■ गिरणगाव : कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी मुंबईतल्या लालबाग-परळच्या चाळींत भजनी मंडळे चालवली. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशा या मंडळांच्या बैठकाही विरळ झाल्या.

■ कुठे ऐकाल : आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे दिंड्या येतात. दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी एखाद्या दिंडीसोबत थोडे चाला. ज्या दिंडीत पेटी नाही, तिथे अधिक वेळ कान द्या.