मानव्यविद्यांचा विद्यार्थी : अध्ययनरीती आणि अभिवृत्ती

महाविद्यालयांतील कला शाखेच्या विद्यार्थ्यांविषयी अध्यापकवर्गात एक मत सर्रास ऐकू येते. हा विद्यार्थी मूळ ग्रंथ उघडीत नाही, परीक्षेच्या तोंडावर गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच पाठ करतो आणि निकाल लागताच सर्व काही विसरून जातो, असे ते मत होय. या निरीक्षणात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि विद्यार्थ्याची कुवतच मर्यादित आहे, किंवा त्याला ज्ञानाची आस्थाच नाही, असा जो निष्कर्ष त्यावरून काढला जातो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे. आपल्या घराण्यात पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेला जो पहिलाच असतो, त्याच्यावर हा शिक्का एकदा बसला म्हणजे त्याच्या पुढील अनेक वाटा बंद होतात. विद्यापीठातील विद्यार्थी प्रत्यक्षात कसा शिकतो, याचा पद्धतशीर शोध गेल्या अर्धशतकात निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी घेतला आहे. त्या संशोधनाचा परिचय करून देणे आणि त्याच्या प्रकाशात वरील निष्कर्ष कितपत टिकतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोथेनबर्ग येथील प्रयोग

या संशोधनाला निर्णायक वळण मिळाले ते स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात. तेथील फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोपर्यंत अध्ययनाचे मापन करताना विद्यार्थ्याच्या स्मरणात किती राहिले, याची मोजदाद करण्याची प्रथा होती. मार्टन आणि सेल्यो यांनी किती हा प्रश्न बाजूला ठेवला आणि विद्यार्थ्याला नेमके काय कळले, हे विचारले. विद्यापीठीय सुधारणा आणि उत्तीर्णांचे प्रमाण या विषयावरील एक लेख विद्यार्थ्यांना वाचावयास देण्यात आला. वाचन झाल्यावर लेखकाला काय म्हणावयाचे आहे, आणि आपण तो लेख कशा प्रकारे वाचला, अशा दोन्ही अंगांनी त्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या.

उत्तरांत गुणात्मक फरक दिसून आला. काहींनी लेखकाचा युक्तिवाद आणि त्याचा निष्कर्ष यांतील संबंध उलगडून सांगितला. काहींना लेखातील सुटी विधाने तेवढी आठवत होती. ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे सांगता येत नव्हते. हा फरक वाचतेवेळच्या हेतूशी निगडित होता. पुढे आपल्याला काय विचारले जाईल या विवंचनेत ज्यांनी शब्द आणि तपशील पकडून ठेवण्याचा प्रयत्न केला, त्यांच्या हाती अर्थ लागला नाही. शब्दांच्या पलीकडे असलेल्या आशयाचा ज्यांनी शोध घेतला, त्यांना तपशीलही अर्थाच्या अनुषंगाने ध्यानात राहिला. पहिल्या रीतीला उथळ अध्ययनरीती आणि दुसरीला सखोल अध्ययनरीती अशी नावे पुढे रूढ झाली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. उथळ आणि सखोल ही विद्यार्थ्यांची वर्गवारी नव्हे. एकच विद्यार्थी एका विषयात सखोल रीतीने आणि दुसऱ्या विषयात उथळ रीतीने शिकत असू शकतो. ही रीत म्हणजे विद्यार्थी आणि त्याच्यापुढील कार्य यांच्यातील संबंध होय. हे सूत्र सुटले की त्या संशोधनाचा विपर्यास होतो.

प्रश्नांचा प्रभाव

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात या संशोधकांनी विचारले की, प्रश्नांचे स्वरूप बदलले तर अध्ययनरीती बदलते काय? एका गटाला प्रत्येक उताऱ्यानंतर तपशिलाचे बारीकसारीक प्रश्न विचारले गेले. दुसऱ्या गटाला मुख्य विचाराशी संबंधित प्रश्न विचारून उताऱ्याचे सार थोडक्यात सांगण्यास सांगण्यात आले. पहिल्या गटातील विद्यार्थी हळूहळू तपशिलाकडेच वळले. परीक्षा जे मागते, त्याप्रमाणे विद्यार्थी आपले वाचन घडवितो, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली.

दुसऱ्या गटातील अनुभव अधिक उद्बोधक आहे. त्यातील काहींनी खरोखर अर्थाचा मागोवा घेतला. उरलेल्यांनी मात्र सार सांगण्यापुरते मुद्दे वेचण्याचे तंत्र आत्मसात केले. विचार करण्यासाठी योजलेला प्रश्नही अशा रीतीने एक यांत्रिक सोपस्कार होऊन बसला. उथळ अध्ययन वाढविणे सोपे आहे. सखोल अध्ययन केवळ प्रश्नपत्रिका बदलून साधत नाही, हा त्यातील बोध होय.

याच संशोधकवर्तुळातील अँडर्स फ्रान्सन यांनी १९७७ साली भय आणि आस्था यांचा परिणाम अभ्यासला. वाचलेल्या मजकुराचे तोंडी निवेदन करावे लागेल, अशी काही विद्यार्थ्यांना कल्पना देऊन तणावाची परिस्थिती मुद्दाम निर्माण करण्यात आली. संशोधकाने योजलेल्या परिस्थितीपेक्षा विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटले, हेच महत्त्वाचे ठरले. ज्याला धास्ती वाटली तो शब्दांना चिकटून राहिला. ज्याला विषय आपला वाटला तो अर्थाकडे गेला.

इतिहासाचा निबंध आणि विद्यार्थ्याची धारणा

इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात नोएल एन्टविसल आणि पॉल रॅम्सडेन यांनी हा शोध विस्तृत प्रमाणावर पुढे नेला. दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन आणि अनेकांच्या मुलाखती घेऊन त्यांनी १९८३ साली आपला ग्रंथ सिद्ध केला. इंग्रजी साहित्य आणि इतिहास यांचे विद्यार्थी त्यात होते. त्याचप्रमाणे पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकी यांचेही होते. विज्ञानात सखोल अध्ययनासाठी आधी तपशिलावर पकड बसवावी लागते, तर साहित्य आणि इतिहासात प्रारंभापासूनच स्वतः अन्वयार्थ लावण्याची अपेक्षा असते, असा भेद त्यांना आढळला. ज्या विभागांत अध्यापन चांगले आहे आणि आपल्याला अध्ययनाचे स्वातंत्र्य आहे असे विद्यार्थ्यांना वाटत होते, तेथे अर्थाभिमुख अध्ययन अधिक दिसले. अभ्यासाचा बोजा जेथे जड वाटत होता, तेथे पाठ करून उतरविण्याकडे कल वाढला होता.

मानव्यविद्यांच्या दृष्टीने डाय हाउन्सेल यांनी केलेला निबंधलेखनाचा अभ्यास विशेष मोलाचा आहे. इतिहासाचा निबंध म्हणजे काय, याविषयी विद्यार्थ्यांच्या तीन निरनिराळ्या धारणा त्यांना आढळल्या. काहींच्या मते निबंध म्हणजे पुराव्यांच्या आधारे बांधलेला युक्तिवाद होता. काहींच्या मते तो एका मताची मांडणी होती. उरलेल्यांच्या मते तथ्ये आणि विचार यांची व्यवस्थित रचना केली की निबंध झाला. तिसऱ्या धारणेच्या विद्यार्थ्याला अध्यापकाने 'युक्तिवाद दिसत नाही' असा शेरा दिला, तर तो त्याचा अर्थ माहिती कमी पडली असाच लावणार आणि पुढील निबंधात आणखी माहिती भरणार. दोघेही एकच शब्द वापरतात. परंतु त्या शब्दाखालचा अर्थ वेगळा असतो. या अंतरामुळे प्रामाणिक कष्ट करूनही विद्यार्थ्याचे गुण वाढत नाहीत, आणि अखेरीस दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो.

ज्ञानाविषयीची वृत्ती

निबंधाविषयीच्या या धारणांच्या मुळाशी ज्ञानाविषयीची वृत्ती असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात विल्यम पेरी यांनी १९५० च्या दशकापासून विद्यार्थ्यांच्या दरवर्षी मुलाखती घेतल्या आणि १९७० साली त्यांवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर असते आणि ते अधिकारी व्यक्तीला ठाऊक असते, या श्रद्धेपासून विद्यार्थ्याचा प्रवास सुरू होतो. पुढे मतमतांतरे पाहून त्याला वाटू लागते की, ज्याचे त्याचे मत ज्याच्या त्याच्यापाशी. त्यानंतर मतांमागील आधारांची तुलना करता येते हे उमगते. आणि अखेरीस अनिश्चितता मान्य करूनही स्वतःची भूमिका जबाबदारीने स्वीकारण्याची तयारी होते. पेरी यांनी या वाटचालीचे नऊ टप्पे सांगितले आहेत.

पेरी यांचा ग्रंथ प्रामुख्याने पुरुष विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर उभा होता. ही उणीव ध्यानात घेऊन मेरी बेलेन्की आणि त्यांच्या तीन सहकारी संशोधिकांनी १३५ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थिनींबरोबर सामाजिक संस्थांच्या आधाराने शिकणाऱ्या स्त्रियाही होत्या. आपल्याला काही जाणता येते यावरच ज्यांचा विश्वास उरलेला नाही, अशा मौनात कोंडलेल्या स्त्रियांची अवस्था पेरी यांच्या आराखड्यात कोठेच बसत नव्हती. संशोधक कोणाशी बोलतो यावर त्याला काय दिसते हे किती अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

पाठांतराचे कोडे

येथे आपल्याकडील वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. पाठांतर म्हणजे उथळ अध्ययन, असे समीकरण मांडावयाचे काय? हाच प्रश्न हाँगकाँगमधील संशोधकांपुढे उभा राहिला होता. पाश्चात्त्य अध्यापकांना चिनी विद्यार्थी घोकंपट्टी करणारे वाटत; पण त्यांपैकी अनेकांचे आकलन उच्च प्रतीचे आढळे. डेव्हिड वॉटकिन्स आणि जॉन बिग्ज यांनी १९९६ साली संपादित केलेल्या ग्रंथात या कोड्याची चर्चा आहे. यांत्रिक घोकणे आणि अर्थ अधिकाधिक उलगडावा म्हणून केलेली आवृत्ती या दोन भिन्न क्रिया आहेत, असे त्यातून निष्पन्न झाले. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत चाललेले कार्य वेगळे असते. म्हणून ओठ हलताना पाहून विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी मत बनविणे हे स्वतःच उथळ निरीक्षण ठरते.

संशोधनावरील आक्षेप

या परंपरेवरही गंभीर टीका झाली आहे. टॅम्सिन हॅगिस यांनी २००३ साली असा आक्षेप घेतला की, सखोल अध्ययन म्हणून जे वर्णिले जाते ते बव्हंशी विद्यापीठीय अभिजनांच्या स्वतःच्या मूल्यांचे प्रतिबिंब आहे. ज्याला ती मूल्ये परिचित नाहीत तो विद्यार्थी आपोआप सदोष ठरतो. मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ साली दाखवून दिले की, चांगल्या लेखनाचे निकष विभागागणिक बदलतात. एका विषयात मान्य झालेली मांडणी दुसऱ्या विषयात अमान्य होते, आणि हा बदल विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगत नाही. थेरेसा लिलिस यांनी उच्च शिक्षणाची परंपरा नसलेल्या घरांतून आलेल्या स्त्रियांच्या लेखनाचा अभ्यास केला. निबंधाचे संकेत सर्वांना ठाऊक आहेत असे गृहीत धरून ते गुपितच ठेवण्याचा विद्यापीठांचा प्रघात त्यांनी उघड केला. सुशिक्षित घरातील मुलाला हे संकेत घरीच कळतात. इतरांना ते चाचपडत शोधावे लागतात.

उपसंहार

या सर्व विवेचनाचा आपल्या आरंभीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. गाईड पाठ करणारा विद्यार्थी त्याच्यापुढे ठेवलेल्या परिस्थितीला समर्पक प्रतिसाद देत असतो. ठराविक प्रश्न, अवजड अभ्यासक्रम, नापास होण्याची धास्ती आणि काय अपेक्षित आहे याविषयीचे अज्ञान, इतक्या गोष्टी एकत्र आल्या असता उथळ रीतच त्याला सुरक्षित वाटते. या परिस्थितीचा विचार न करता त्याच्या कुवतीविषयी निवाडा देणे अशास्त्रीय आहे आणि अन्यायाचेही आहे.

अर्थात विद्यार्थ्याची जबाबदारी यामुळे संपत नाही. प्रश्न बदलले तरी त्यांचे तंत्र बनविता येते, हे गोथेनबर्गच्या प्रयोगाने दाखविलेच आहे. तथापि पहिले पाऊल अध्यापकाने टाकावयाचे आहे. युक्तिवाद म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणतात, उत्तम निबंध कसा दिसतो, हे त्याने वर्गात उदाहरण घेऊन उघडपणे सांगावे. शेरा देताना विद्यार्थ्याने त्याचा काय अर्थ घेतला, हे विचारावे. चुकण्याची भीती न बाळगता बोलता येईल, असे वातावरण राखावे. यांपैकी कशासाठीही मोठ्या निधीची गरज नाही. विद्यार्थ्याला किती येते हे मोजण्यापूर्वी त्याला काय कळले हे विचारण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागेल.