भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क ओळखा

आपल्या बऱ्याच गटांच्या खोलीत एखादा जुना कॉम्प्युटर कापड टाकून ठेवलेला असतो. तो सुरू होत नाही, म्हणून भंगारात द्यायचं ठरतं. पण कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे आतला हिशोब गेला, असं नसतं. बचत, कर्ज, सभासदांचे आधार नंबर हे सगळं हार्ड डिस्कमध्ये असतं. ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखता आलं, तर माहिती बाहेर काढायला काय लागेल ते दुकानात नेमकं सांगता येतं.

आधी वायर भिंतीतल्या बोर्डातून काढायची. मग ज्याला आपण सगळ्या ‘सीपीयू’ म्हणतो, त्या डब्याच्या बाजूच्या पत्र्याचे मागचे स्क्रू काढायचे. जिथे विजेची वायर लागते तो पंख्याचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. हार्ड डिस्क म्हणजे जाड डायरीएवढी, वजनदार, बंद धातूची डबी. तिचं स्वतःचं झाकण कधीच उघडू नका. आत धूळ गेली की माहिती खराब होते.

आता मागची जोडणी बघा. खरी ओळख तिथेच आहे.

सुमारे दोन इंच रुंद, चपटी पट्टी लागली असेल आणि दोन ओळींत बारीक ४० पिना असतील, तर ती आयडीई. तिला पाटा असंही म्हणतात. विजेसाठी शेजारी चार जाड पिना असतात.

बोटापेक्षा अरुंद केबल असेल, बाहेर आलेल्या पिना नसतील आणि खाचेचा आकार काटकोनात वळलेला असेल, तर ती साटा. या डिस्क २००३ च्या सुमारास बाजारात आल्या.

५० किंवा ६८ पिना असतील तर ती स्कझी. ती बहुतेक मोठ्या कार्यालयांच्या यंत्रांत असायची.

एकाच डिस्कला ३४ आणि २० तारांच्या दोन चपट्या पट्ट्या असतील, तर ती बहुधा १९८० च्या दशकातली. तशी पहिली डिस्क सीगेट कंपनीने १९८० मध्ये आणली. तिच्यात जेमतेम ५ एमबी मावायचे, म्हणजे आजच्या मोबाइलचे एक-दोन फोटो!

सीडीच्या खणालाही आयडीईचीच पट्टी लागते, त्यामुळे फसू नका. हार्ड डिस्कच्या लेबलावर ४० जीबी, ८० जीबी असा आकडा असतो.

आयडीई आणि साटा, दोन्हींसाठी यूएसबीला जोडायचं कन्व्हर्टर मिळतं. मोठ्या डिस्कसाठी त्यासोबत विजेचा वेगळा अडॅप्टर हवा, तो मागून घ्या. ते लावलं की डिस्क चालू कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी दिसते. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. जाणकाराकडे न्या.

शेवटची गोष्ट. फाइल नुसती डिलीट केली की ती पुसली जात नाही, परत काढता येते. म्हणून डबा भंगारात द्या, हार्ड डिस्क देऊ नका. ती काढून गटाच्या कपाटात ठेवा, वर चिठ्ठी लावा आणि सभेच्या वहीत नोंद करा. हिशोब उतरवून घेतल्यावर ती पूर्ण पुसायची की तिला भोकं पाडून निकामी करायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. माहिती आपल्या बायकांची आहे, ती किलोच्या भावाने जाता कामा नये.