भावना सांगणारे शब्द

पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले गेले व त्यावरून नाशिक हे नाव पडले, अशी आख्यायिका आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक मूल ऐकते. त्याच मुलाच्या तोंडी ‘नाक कापले गेले’ हे शब्द अपमानाच्या अर्थाने येतात. नाक मुरडणे म्हणजे नापसंती, नाकावर राग असणे म्हणजे शीघ्रकोप. अदृश्य भावनेला भाषा शरीराचा आधार देते, तो असा.

चिनी भाषेची रीत याहून फार निराळी नाही. त्या भाषेत हृदयाला ‘शिन’ म्हणतात. ‘काय-शिन’, म्हणजे उघडलेले हृदय, हा आनंद; ‘शांग-शिन’, म्हणजे जखमी हृदय, हे दुःख. भय, द्वेष, विचार या अर्थांच्या चिन्हांतही हृदयाचे चिन्ह अंगभूत असते. प्रेमाच्या जुन्या चिन्हात ते मध्यभागी होते; चीनमध्ये 1956 च्या लिपीसुलभीकरणात ते गळले. विचार व भावना एकाच ठिकाणी मानण्याची ही दृष्टी आपल्या ‘मन’ या शब्दातही आहे.

मराठीत मात्र भावनांची वस्ती सर्व देहभर आहे. काळीज तुटते, ऊर भरून येतो, गळा दाटतो, तळपायाची आग मस्तकात जाते. पोटात माया असते, तसाच भीतीचा गोळाही तेथेच उठतो. व्याकरणही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘मला राग आला’ या वाक्यात राग हा कर्ता असून ‘मला’ हे चतुर्थीचे रूप आहे. राग येतो, तसा तो जातोही. म्हणून ‘तू रागीट आहेस’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुला राग आला आहे का?’ असे विचारणे शिक्षकास अधिक शोभते.

परीक्षेच्या दिवशी एखादे मूल ‘पोटात दुखते’ म्हणते, तेव्हा ते खोटे बोलते असे एकदम मानू नये. दुखणे खरे असू शकते. पोटातील गोळा भीतीचाही असू शकतो. दोन्हींची विचारपूस करावी. बागलाणात अहिराणी, सुरगाणा-पेठेकडे कोकणा बोलणाऱ्या मुलांना दुःखाचे व भीतीचे शब्द प्रथम घरच्या बोलीतच सुचतात. ते अशुद्ध म्हणून खोडल्यास मूल गप्प होते, आणि त्याचे दुःख आपल्याला कळत नाही.

यास्तव आठवड्यातून एक तास मुलांकडून असे घरचे शब्द मिळवावेत, फळ्यावर लिहावेत व शेजारी प्रमाण मराठीतील शब्द द्यावा. ज्याला आपल्या भावनेचे नाव सांगता येते, त्याला साहाय्य मागता येते.